जत्रेतल्या हरवलेल्यांचा प्रोजेक्टर

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. मित्रांनो, लोकांना वाटते की मी फक्त दाखवतो. पण ज्याच्या डोळ्यातून उजेड बाहेर पडतो त्याला समोरच्यांची तोंडेही दिसणारच की! मी आयुष्यभर माणसांची तोंडे पाहिली. त्यांतली बहुतेक जांभया देणारी होती, हेही खरे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तो कुठे होता कोण जाणे, कारण मी थर्माकोलच्या कुशीत, बंद खोक्यात प्रवास केला. डोळा उघडला तो थेट वाशिमच्या एका प्रशिक्षण सभागृहात. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. माझा उजेड पडद्यावर पडला तेव्हा एक साहेब म्हणाले, "वा! काय स्वच्छ दिसते!" त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षे खूश होतो.

पण पुढे काय दाखवायला मिळाले? ओळीच ओळी. खतांच्या ओळी, लसींच्या ओळी, नियमांच्या ओळी. कोणीतरी त्या वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "नेक्स्ट." दिवे मालवले की मागच्या रांगेतले पाहुणे सुखाने डोळे मिटायचे. माझ्या उजेडात जेवढी माणसे झोपली तेवढी अंधारातही झोपली नसतील!

मग एके दिवशी भिंतीवर मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. धूळ बसली. एका पालीने माझ्या मागे संसार थाटला. माझ्या भिंगाच्या कोपऱ्यात एक पिवळा डाग पडला. कौतुक करणारे साहेब बदलून गेले होते, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

मला तिथून उतरवून मागून नेले निकिताने. ही किन्हीराजा गावच्या शेतकऱ्याची मुलगी, वाशिमच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. पोहरादेवीच्या जत्रेत हरवलेल्या माणसांची त्यांच्या घरच्यांशी गाठ घालून देईल, असे सॉफ्टवेअर तिला बनवायचे होते. मित्रांनो, पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. रामनवमीला तिथे माणसांचा असा पूर येतो की हातातला हात सुटला तर पुन्हा सापडणे कठीण. आता कुठलेही सॉफ्टवेअर बनवण्याआधी ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना नेमके काय हवे हे विचारून घ्यावे लागते. शिंपी कापड कापण्याआधी माप घेतो ना, तसेच ते. निकिता आणि तिचा सहकारी प्रज्वल हे माप घ्यायला निघाले आणि सोबत त्यांनी मला घेतले.

आम्ही मानोरा तालुक्यातल्या सेवानगर तांड्यावर गेलो. तांड्याचे नायक हेमसिंग यांनी सभामंडपात सतरंजी अंथरून ठेवली होती. प्रज्वलने मला सुरू केले आणि, काय सांगू, पुन्हा त्याच ओळी! तो वाचत गेला, "जत्रेतल्या मदत केंद्रावरचा माणूस हरवलेल्याला आधी नाव विचारेल. मग आडनाव, गाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, मोबाइल नंबर. चालेल ना?"

"हाव," हेमसिंग म्हणाले, म्हणजे 'हो'.

"पुरुषांसाठी आणि बायकांसाठी एकच पद्धत. ठीक आहे?"

"हाव, हाव," सगळी सतरंजी म्हणाली.

प्रज्वल जे विचारी त्याला 'हाव'. मग चहा झाला आणि सभा संपली. मला पिशवीत भरताना प्रज्वल आनंदात होता. पण निकिता बूट घालता घालता थांबली होती, कारण मंजू नावाची एक सून तिच्याजवळ येऊन हळूच बोलत होती.

"ताई, आमची याडी दरसाल जत्रेले जाये." याडी म्हणजे आई, मंजू सासूलाही तसेच म्हणे. "औंदा म्हन्ते, मी येत नाई. गुडघे दुखतेत म्हन्ते. अन् वावरात तं दिवसभर राबते! गेल्या साली जत्रेत चुकली होती, तवापासून पोहऱ्याचं नावच काढत नाई. आमचा बुढा बी म्हन्ते, हे नाई तं मी बी नाई."

ती सासू, रामीबाई, दाराच्या उंबऱ्याशी बसली होती. तिचा नवरा सोमला बाहेर उभा होता. लग्न झाल्यापासून दोघांनी जत्रा चुकवली नव्हती. रामीबाईने सभेत 'हाव' सुद्धा म्हटले नव्हते, हे मी पाहिले होते.

परतीच्या वाटेवर निकिता म्हणाली, "प्रज्वल, आपल्याला एकानंही 'नाही' म्हटलं नाही. आमच्याकडे पाहुण्याच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी पाहुणा म्हणतो, छान झाला. आपण 'हाव'चं सॉफ्टवेअर बनवून चाललोय."

"मग काय करायचं? जत्रा तोंडावर आली."

"एक डाव खेळायचा," निकिता म्हणाली.

मला वाटले, ही पोर थट्टा करते आहे. मोठ्या माणसांच्या कामात खेळ कुठून आला? पण मित्रांनो, थोड्याच दिवसांनी आम्ही पुन्हा त्या सभामंडपात होतो आणि दुपारीच अंधार केला होता. खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. भिंतीवर पांढरी चादर लावली. माझ्या पोटात या वेळी एकही ओळ नव्हती! निकिताने जत्रेची चित्रफीत भरली होती. मी दिवा लावला आणि भिंतीवर पोहरादेवी उभी राहिली. झेंडे, पाळणे, माणसेच माणसे. स्पीकरमधून नगारा वाजू लागला, भोंग्यावरची गलबल आली. माझ्या भिंगातला पिवळा डाग बरोबर आभाळात पडला आणि पोरे ओरडली, "सूर्य! सूर्य!" आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर कोणीही जांभई दिली नाही.

खेळ सोपा होता. एकाने हरवायचे. एकाने शोधायचे, पण डोळ्यांवर ओढणी बांधून, कारण गर्दीत डोळे असून उपयोग नसतो. बाकीच्यांनी गर्दी व्हायचे आणि वाट अडवायची. प्रज्वल झाला मदत केंद्र. त्याने सॉफ्टवेअरमधलेच प्रश्न विचारायचे आणि त्यातून हरवलेल्याची गाठ घालून द्यायची. जिंकेल त्याला गुळाचा खडा.

आधी कोणी उठेना. मग हेमसिंगच धोतर सावरत उठले आणि म्हणाले, "मी हारपलो!" त्यांना तर अख्खा तांडा ओळखे, त्यामुळे तो डाव हसण्यातच गेला. पण हसण्याने सतरंजी सैल झाली. माणसे पुढे सरकली. बायका चढाओढीने गर्दी होऊ लागल्या. मी थक्क होऊन पाहत होतो. याच जागी, याच माणसांनी मागच्या खेपेला माना डोलावण्यापलीकडे काही केले नव्हते!

"आता याडी," मंजू म्हणाली आणि तिने रामीबाईला हात धरून मधे बसवले. स्वतः डोळ्यांना ओढणी बांधली.

प्रज्वलने विचारले, "नाव?"

"रामीबाई."

"आडनाव?"

"राठोड."

निकिताने कळ दाबली आणि मी भिंतीवर राठोडांची नावे दाखवू लागलो. ती संपेचनात. चादर भरली, नावे छताकडे चालू लागली. हशा पिकला.

"गाव?"

"सेवानगर तांडा."

भिंतीवर नकाशा आला आणि त्यावर ठिकठिकाणी ठिपके पेटले. "अरे बाप्पा," हेमसिंग म्हणाले, "इतके सेवानगर!"

"नवऱ्याचं नाव?"

रामीबाई गप्प झाली.

प्रज्वलला वाटले, नगाऱ्याच्या आवाजात ऐकू गेले नसावे. तो मोठ्याने म्हणाला, "नवऱ्याचं नाव काय, आजी?" बायकांनी माना खाली घातल्या. रामीबाईने पदर घट्ट धरला. मग ती उठली आणि कोणाकडे न बघता दाराकडे चालू लागली.

गर्दी झालेली माणसे बाजूला झाली. मंजूने डोळ्यांवरची ओढणी खेचून काढली. "याडी, गेल्या साली बी अशाच उठून गेल्या का तुमी?"

रामीबाई दाराशी थांबली. "मंग काय करू?" ती म्हणाली. "इतक्या लोकायपुढं मालकाचं नाव घेऊ? थो केंद्रातला पोट्टा भोंग्यावर इचारे, बाई, नवऱ्याचं नाव सांग. सारे माह्या तोंडाकडं पाह्येत. मी सेवानगर सांगतलं तं दुसऱ्याच सेवानगरचे लोक येत, माह्यं तोंड पाहून वापस जात. मले लाज वाटली. मंग मी उठून झाडाखाली जाऊन बसली."

"अन् आमाले तं म्हने, होम पाहत बसली होती!"

"तुमाले काय सांगू? थे रागावलेच होते आधी."

सोमला भिंतीला टेकून उभा होता. त्याने पागोटे काढून हातात घेतले. गेल्या वर्षी दिवस मावळताना ती सापडली तेव्हा तो तिच्यावर ओरडला होता, हे तांड्याला ठाऊक होते. नगारा अजून वाजतच होता. मला फार वाईट वाटले. भिंतीवरच्या जत्रेतून तिला मीच पुन्हा त्या दिवसात नेऊन बसवले होते.

निकिता उठली. तिने ना समजूत घातली, ना माफी मागितली. ती म्हणाली, "याडी, डाव आजून संपला नाई. नाव नोका घेऊ. सांजच्याले वावरातून घरच्याइले हाक कशी मारता, थे ऐकवा."

रामीबाईला आधी हसू आले. मंजूने पुन्हा ओढणी बांधली. पोरांनी मुद्दाम गलका केला, प्रज्वलने नगारा वाढवला. मग रामीबाईने तोंडाशी हात धरला आणि हाक दिली, "होऽऽ बादलऽऽ, चाला रेऽऽ!"

बादल म्हणजे तिचा मुलगा. मित्रांनो, ती हाक मी कशी सांगू! ती नगाऱ्याच्या वरून गेली. मंजूने मान वळवली आणि बांधलेल्या डोळ्यांनी, माणसांच्या त्या भिंतीतून वाट काढत, कुठेही न अडखळता, ती सासूपाशी जाऊन पोहोचली. तिने हात पुढे केला तो थेट रामीबाईच्या बांगड्यांवर पडला. हजारो चित्रे दाखवली मी, पण जिथे काहीच दिसत नव्हते तिथे इतके मोठे काही घडू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

"अन् मालकाचं नाव कायले पाह्यजे?" रामीबाई गुळाचा खडा तोंडात टाकत म्हणाली. "बादलची याडी म्हना ना. काम झालं."

मग कोणी थांबायला तयार होईना. बायकांनी तर नियमच बदलले. हरवलेल्याला आधी पाणी, मग प्रश्न. भोंग्यावर प्रश्न नाहीत, आडोशाला विचारायचे. एकीने प्रज्वललाच हरवायला लावले आणि मोबाइल काढून घेतला. त्याला स्वतःच्या वडिलांचा नंबर आठवेना! तो डोके खाजवत बसला आणि सगळ्यांबरोबर स्वतःही पोट धरून हसला. 'हाव' म्हणणारी तीच माणसे आता "नाई, असं नाई, असं!" म्हणत होती. निकिताच्या चेहऱ्यावर माझा उजेड पडला होता आणि तिचे डोळे भरले होते.

सॉफ्टवेअर बदलले. आता ते आधी विचारते, तुम्ही कोणाची आई, कोणाचे बाबा. मग हरवलेल्याची हाक ध्वनिमुद्रित करून घेते आणि जत्राभर ऐकवते. आणि त्याचा चेहरा मोठा करून भिंतीवर दाखवते. तो दाखवायचा मान मला मिळाला.

रामनवमी आली. केंद्राच्या शेडमध्ये पडदे लावून मला उंचावर बसवले होते. रामीबाई येणार की नाही, याचाच मला घोर लागला होता. दुपारी ती आली! जत्रेला तर आलीच होती, पण बाहेर एक अनोळखी म्हातारी मुकाट बसलेली पाहून तिचा हात धरून तिला आत घेऊन आली होती. आडोशामागे तिला पाणी देत ती विचारत होती, "तू कोनाची याडी, माय?" थोड्या वेळाने त्या म्हातारीची हाक भोंग्यावर घुमली आणि तिचा मुलगा धावत आला. रामीबाई मात्र तिथेच रमली. आपण घरच्यांना न सांगता इकडे केंद्रात आलो आहोत, याचे तिला भानच राहिले नाही.

सांजेच्या सुमाराला सोमला धापा टाकत आला. पागोटे सुटलेले, डोळे कावरेबावरे.

"कोण हरवलंय, बाबा?" केंद्रावरच्या मुलीने विचारले. "नाव सांगा."

सोमलाने तोंड उघडले आणि मिटले. तो लाजला! जन्मभर ज्याने बायकोला नावाने हाक मारली नाही, तो अनोळखी पोरीपुढे तिचे नाव कसे घेणार? बायकांचा विचार आम्ही सगळ्यांनी केला होता. शोधत येणाऱ्या पुरुषांचा करायचा राहूनच गेला होता.

"थे... आमच्या घरचे," तो पुटपुटला.

त्या मुलीने नावाचा हट्ट धरला नाही. तिने सरळ सोमलाचाच फोटो काढला आणि कळ दाबली. मी त्याचा चेहरा भिंतीवर टाकला, जमिनीपासून पत्र्यापर्यंत. एवढा मोठा घाबरलेला सोमला कोणी कधी पाहिला नव्हता.

आडोशाचा पडदा सरकला. रामीबाई बाहेर आली आणि भिंतीकडे बघतच राहिली. त्या डोळ्यांतली भीती आपल्यासाठी आहे हे तिला समजले. ती खाली उभ्या असलेल्या खऱ्या सोमलाजवळ गेली, त्याचे पागोटे सारखे केले आणि केंद्रावरच्या मुलीला म्हणाली, "हा बुढा माह्या होय, बाई. मी घेऊन जातो याले."

मित्रांनो, माझा दिवा आता थकत चालला आहे. एक विनंती आहे. मला वापरून झाले की लगेच प्लग ओढू नका. माझा पंखा शांत होईपर्यंत थांबा, नाहीतर मी आतल्या आत जळतो. आणि कोणासाठी काही बनवायला निघालात, तर तो 'हाव' म्हणाला म्हणून लगेच उठू नका. त्याच्याशी एक डाव खेळा, आणि तो 'नाही' म्हणेपर्यंत थांबा.