डॉक्टरांचा बॅज

“तीन महिन्यांत एवढा डोस? डॉक्टर, तुम्ही मशीनमध्ये झोपता की काय?”

बॅज तपासणाऱ्या सरकारी ऑफिसातून आलेल्या माणसाने हसत विचारलं. डॉ. अभिराम केळशीकर हसले नाहीत. वाशीतल्या या सी.टी. स्कॅन सेंटरचे ते मालक. एसी केबिनमध्ये बसून फिल्म बघायच्या, मशीनच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. अंगावर किती किरण पडले हे सांगणारा त्यांचा बॅज टेक्निशियनच्या खोलीत खिळ्याला टांगलेला. आणि आता तोच बॅज म्हणत होता, मर्यादेच्या बाहेर गेलात.

“काल तुमचा फोन आला, सकाळीच रक्त दिलंय तपासायला. बायको रडतेय घरी. मी आत जातच नाही हो! मशीन लीक असणार.”

दाराशी सखू उभी होती. हातात चहाचा ट्रे. तिला आज कसलीच घाई नव्हती.

सखू जासईची. सेंटरमध्ये आया. काम झाडू-पोछा, असं म्हणायचं. खरं काम म्हणजे लहान पोरांची डोकी दाबून धरणं. पोर हललं की फोटो बिघडतो. बिघडला की परत स्कॅन, परत धरा. शिसं भरलेला एप्रन एकच, तो केबिनमध्ये, इन्स्पेक्शनला दाखवण्यापुरता. पोरांना डोस मोठ्या माणसाचाच. टेक्निशियन निशांतने एकदा विचारलं होतं, “सर, मुलांसाठी सेटिंग खाली आणू?” डॉक्टर म्हणाले, “फोटो दाणेदार येतो. मला क्लिअर पाहिजे. डोकं चालवू नकोस.”

सखूच्या आधी हे काम तिची जाऊ गोजरा करायची. रक्ताच्या आजाराने गेली. सखू भांडायला आली तेव्हा डॉक्टरांनी बस म्हटलं नाही. थंडपणे सांगितलं, “आमच्या मशीनमुळे कशावरून? तिला बॅजच नव्हता. मोजलंच नाही तर सिद्ध काय करणार?” वर उपकार केल्यासारखी गोजराची नोकरी सखूला दिली. सखूने घेतली. गावात बायका बोलल्या, जावेच्या मढ्यावर भाकरी खाते. बोलू देत. सखू कशाला आली होती ते तिला माहीत होतं.

तिने ट्रे टेबलावर ठेवला. “मशीन लीक नाय, सायेब. तो डोस माजा हाय.”

“काय?”

“तुमचा बॅज रोज मी लावायची. पदराखाली. पोरं धरताना. सांजचा परत खिल्याला.” ती डॉक्टरांकडे वळली. “तुमीच बोलले ना, मोजलंच नाय तर सिद्ध काय? आता मोजलंय.”

 डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला.

“म्हणजे… माझा नाही?”

आणि ते हसले. कपाळ पुसलं, फोन उचलला. “अगं, मला काही नाही! आयाचा होता तो. हो, आपली आया. रडू नकोस आता.”

माणूस निदान लाजेल, एवढं तरी सखूने धरलं होतं. हरामखोर हसला.

“फोन ठेवा,” ऑफिसवाला म्हणाला. त्याचं हसणं केव्हाच थांबलं होतं. “ही बाई आजपासून आत जाणार नाही. बाहेर एक मूल थांबलंय. त्याला धरणार कोण?”

बाहेर नेरूळची वैदेही बसली होती. तिचा तीन वर्षांचा मुलगा जिन्यावरून डोक्यावर पडला होता. झोपेचं औषध त्याने ओकून टाकलेलं. वैदेही पोटुशी, तिला आत नेता येत नव्हतं. नवरा अजून वाटेत. दुसरी आया गिरजाबाई लांबूनच ओरडली, “मी नाय बा! सखूचं झालं तसं माजं नको.” निशांत म्हणाला, “मला मशीन चालवायचीय, सर.”

“मग तुम्हीच, डॉक्टर,” ऑफिसवाला म्हणाला. “एप्रन आहे ना तुमच्या केबिनमध्ये?”

डॉक्टरांनी एप्रन चढवला. पट्टे कुठे अडकवायचे ते त्यांना सापडेना. पोराचं डोकं हातांत धरून ते मशीनपाशी वाकले आणि तिथूनच ओरडले, “निशांत! सेटिंग खाली आण!”

“दाणेदार येईल, सर.”

“येऊ दे! दिसतं तेवढ्यात! आणि एकदाच, कळलं? एकदाच!”

जड दार बंद झालं.

“मावशी, किती ओरडतोय हो तो,” वैदेहीने सखूचा हात धरला.

“वरडू दे बाय. आज एकदाच व्हनार.”

एकदाच झालं. फिल्म दाणेदार आली आणि डॉक्टरांनी ती व्यवस्थित वाचली. रक्तस्राव नाही, घाबरायचं कारण नाही. मग सखूकडे न बघता म्हणाले, “तुला आत जाता येणार नाही, मग इथे काम काय तुझं?”

“नाय येत उद्यापासून, सायेब.”

पोरगा हुंदके देत बाहेर आला. कानांच्या मागे बोटांचे लाल वळ उठले होते. वैदेहीला खाली वाकता येईना, म्हणून सखूनेच उकिडवं बसून त्याच्या पायात चपला घातल्या. मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. तो आपोआप गप्प झाला.