चाफ्याखालून गेलेले डंपर

विमलाकाकूंनी हात वर केला, तेव्हा मीराला वाटलं, पंखा बंद करायला सांगताहेत.

"बाय, ती ओळ परत वाच."

मीराला बरं वाटलं. विद्यापीठात ती बदलत्या गावांचा अभ्यास शिकवायची, आणि गावाकडून घेतलेलं गावाला परत द्यायचं असतं, हे विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगायची. म्हणून आज त्यांना घेऊन ती स्वतःच्याच गावी, देवळाच्या सभामंडपात उभी होती. संध्याकाळी कीर्तन होतं. माणसं जमणारच होती. त्याआधीचा तासभर तिने गावात घेतलेल्या मुलाखती वाचून दाखवायला मागून घेतला होता.

तिने पान मागे उलटलं आणि या वेळी अधिक सावकाश वाचलं.

"'डंपर माझ्या वाडीतून गेले. चाफ्याखालून. वाट मी दिली. एक फांदी मोडू दिली नाही मी. पाणी मोडलं.' हे एका बागायतदाराचे शब्द आहेत. नाव अर्थातच आपण सांगत नाही."

नाव तिने काढलं होतं. वय, आळी, वाडीतली पिकं, सगळं काढलं होतं. चाफा तेवढा ठेवला होता. त्याच्याशिवाय ती ओळ उभी राहत नव्हती.

एकेक मान मागे वळली. मागच्या खांबाशी भालचंद्रकाका बसले होते, पुढ्यात केळीच्या पानात बांधलेला सोनचाफ्याचा हार. गावात सोनचाफ्याचं झाड एकच. त्याचा हार बुवांच्या गळ्यात घालायचा मान त्यांच्या घराचा.

गावामागचं बावखल, विहिरींना गोडं पाणी पुरवणारं ते जुनं तळं, काही वर्षांपूर्वी सप्त्याच्या शेवटच्या रात्री बुजवलं गेलं. गाव तेव्हा इथेच, कीर्तनात होतं. सकाळी दोन वाड्यांमधल्या गल्लीच्या तोंडाशी चाकांच्या खुणा दिसल्या; पुढे डंपर कुणाच्या वाडीतून गेले, ते कळेना. एक वाडी भालचंद्रकाकांची, दुसरी विमलाकाकूंची. काकूंच्या मुलाने, जयवंताने, त्याच महिन्यात नवी मोटारसायकल घेतली होती. वाट त्यानेच दिली म्हणायला गावाला तेवढं पुरलं.

विमलाकाकूंनी मागे पाहिलं नाही.

"कधी सांगितलं त्याने तुला?"

"काकू, तसं सांगता येत नाही. आमचा नियम असतो."

"नाव नको सांगू. कधी, ते सांग."

मीराने चष्मा काढून पदराला पुसला.

"दोन वर्षं झाली असतील."

"दोन वर्षं," काकू म्हणाल्या. "जयवंता मनवेलपाड्याला खोली घेऊन राहतो. दिवाळीला आला तर मागच्या दाराने येतो. ठाऊक आहे ना तुला?"

"हो."

"त्याला तरी बोललीस?"

"भेटले होते मी त्याला. त्याचीही मुलाखत घेतली."

"मग आता त्याचं वाच."

पुढच्याच पानावर तो होता. 'एक स्थलांतरित तरुण.' मीराने पान उलटलं नाही. घसा खाकरून म्हणाली, वेळ झाली, बुवा आले असतील.

बुवा खरंच आले होते. सतरंज्या सरकल्या, पेटीचा सूर लागला. मीरा विद्यार्थ्यांबरोबर कडेला बसली. पूर्वरंग चांगला रंगला. जीव हा पाण्यासारखा, बुवा सांगत होते, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेतो, पण चव मात्र झऱ्याची राखतो. एरवी अशा ठिकाणी भालचंद्रकाकांचा टाळ सगळ्यांच्या वर चढायचा. आज तो जमिनीवर पडून होता.

पूर्वरंग संपला. नामाचा गजर सुरू झाला. बुवांनी हारासाठी मान वाकवली आणि तशीच ठेवली.

कुणी उठेना. भालचंद्रकाकांनी पानाची गाठ सोडली, परत बांधली. गजर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला.

मग विमलाकाकू उठल्या. गुडघ्यावर हात टेकत मागच्या खांबापर्यंत आल्या, वाकून तो हार उचलला आणि बुवांच्या गळ्यात घातला. पाया पडल्या. बुक्क्याची वाटी घेतली आणि रीतीप्रमाणे रांगेने निघाल्या. पुरुषांना, बायकांना, मांडीवर झोपलेल्या पोरांनाही.

भालचंद्रकाकांपाशी त्या थांबल्या. काकांनी डोळे मिटून घेतले.

"वर बघ," काकू म्हणाल्या. "सांडेल."

त्यांच्या कपाळावर काळा ठिपका उमटला. काकांचा हात चाचपडत टाळाकडे गेला, पण त्यांनी तो उचलला नाही.

काकू विद्यार्थ्यांकडे वळल्या. एकेकाची हनुवटी धरून, नीट मधोमध बुक्का लावला. मीराने केस मागे सारले, कपाळ पुढे केलं. काकूंची बोटं वाटीत बुडाली, वर आली आणि तिच्या पलीकडे बसलेल्या हेमालीच्या कपाळाला लागली.

उत्तररंगाला सुरुवात झाली. हेमाली मुंबईची, पहिल्यांदाच कीर्तनाला बसलेली. कपाळाला बोट लावून तिने काळं टोक पाहिलं आणि मीराच्या कानाशी वाकली.

"मॅडम, हे सगळ्यांना लावतात?"

"हो," मीरा म्हणाली. "सगळ्यांना."