चाळीस समाधानी मुली

विधान १. मी सब्र, म्हणजे संयम, राखते. – नेहमी.
विधान २. जे मिळालं त्याबद्दल अल्लाहचा शुक्र, म्हणजे आभार, मानते. – नेहमी.
विधान ३. मी होस्टेलमधल्या आयुष्यात समाधानी आहे. – पूर्णपणे.

चाळीस कागद. चाळीसही सारखे!

शिरीन नदाफनं गठ्ठा अब्बांच्या दुकानातल्या कापसावर आपटला. निपाणीत बी.एड. करणाऱ्या शिरीनचा प्रकल्प होता इस्लामी सद्गुण आणि विद्यार्थिनींचं समाधान. सोमवारी द्यायचा होता.

"मग रडतीस कशाला? समद्या खुश हैत की," गादी उसवता उसवता अब्बा म्हणाले.

"कसल्या खुश! आठवड्यातनं दोनदा पाणी येतंय होस्टेलात. तीन मजले बादल्या चढवून तिथली सना चक्कर येऊन पडली, तिचा पेपर बुडाला. तिनंबी 'पूर्णपणे'! लई खोटारड्या!"

"ह्या खोळीत हात घाल बघू."

खोळ नवी कोरी. आत जुन्या कापसाच्या नुसत्या गाठी.

"शुक्र मानतीस का, हे तू आधी इचारलंस. मग खाली इचारलंस, समाधानी हाईस का. आता न्हाय म्हटलं की वरचं खोटं ठरतंय. कोण पोरगी न्हाय म्हणंल गं?"

शिरीननं वरचा कागद उचलून पुन्हा वाचला. खोटं मुलींचं नव्हतं, गाठ तिच्याच कागदात होती!

"पण अब्बा, तक्रार म्हंजे नाशुक्री, किरतघ्नपणाच न्हवं?"

"शुक्र अल्लाहचा. पाण्याची टाकी काय अल्लाहनं बंद केलीया? वॉर्डनला इचारायचं ते वॉर्डनलाच इचारा की! सब्र म्हंजे तोंड शिवून बसणं न्हवं. पोरींचं उत्तर तुझ्याकडं अमानत हाय, जपायची ठेव. खोळ घालून कालेजात देऊ नगंस."

सद्गुण आणि समाधान, दोन्ही शंभर टक्के दाखवणारा तिचा सुंदर आलेख! शिरीननं तो फाडला.

रविवारी तिनं होस्टेलवर कोरे कागद वाटले. नाव नको. एकच प्रश्न: इथं काय कमी आहे?

पाणी.
पाणी. आणि रात्री भरून ठेवलेली बादली सकाळी जागेवर नसते.
पाणी. अलहमदुलिल्लाह, बाकी बरं आहे.

पाण्यासाठी वॉर्डनला द्यायचा अर्ज सनानं लिहिला. भीतीनं नऊजणींनी सही केली नाही. एकतीस सह्यांचा कागद बघून वॉर्डनबाई भडकल्या, "तुमच्यात जरा म्हणून सब्र नाही?"

"आहे मॅडम," सना म्हणाली. "म्हणून तर ओरडलो नाही, लेखी दिलंय!"

प्रकल्प उशिरा गेला, गुण कापले गेले. पाणी अजून रोज येत नाही. आता दिवसाआड येतं. उरलेल्या दिवसांसाठी दुसरा अर्ज तयार आहे. त्यावर चाळीस सह्या आहेत.

मंडळी, आपल्या मुलांना कृतज्ञता जरूर शिकवा. पण तिचा बोळा करून त्यांच्या तोंडात कोंबू नका!