दोनशे चौसष्टचा तुकडा

भैंशाच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, साक्षीला दहा मिनिटं उरली असताना, सुधाकररावांनी तपासणीचा आलेख उलगडला आणि उजव्या कडेच्या एका रेघेवर त्यांचं बोट थबकलं.

सुधाकरराव मूळचे मुधोळचे, आता हैदराबादेत विषं तपासणारे साहेब. खटला द्वारकाबाईवर होता, सासऱ्याला ताकातून विष घातल्याचा. पुरावा काय, तर तिच्या घरात मोनोक्रोटोफॉस या फवारणीच्या औषधाची बाटली सापडली. आता कापसाच्या मुलखात ही बाटली कुणाच्या घरात नसते? पण ताकातही तेच औषध होतं, असा सुधाकररावांचा रिपोर्ट. त्या एका सहीवर बाई अकरा महिने तुरुंगात.

यंत्र विषाच्या रेणूवर मारा करून तो फोडतं आणि उडालेल्या भारित तुकड्यांचं, म्हणजे आयनांचं, वजन रेघांनी दाखवतं. प्रत्येक विष आपल्या रीतीनं फुटतं, त्यावरून ते ओळखायचं. यांनी एकशे सत्तावीसवरची उंच रेघ पाहिली, बाटलीचं नाव ठाऊक होतंच, दिली सही ठोकून! अहो, पण तीच रेघ फॉस्फॅमिडॉन या दुसऱ्या औषधाचीही असते. आणि पार उजवीकडे, दोनशे चौसष्टवर, एक बुटकी रेघ उभी होती. फॉस्फॅमिडॉनचा तुकडा तिथं पडतो; मोनोक्रोटोफॉसचा तर अख्खा रेणूच दोनशे तेवीसचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्यांनी सरकारी वकील उत्तमरावांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. उत्तमरावांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"दोन्ही जहरच ना, साहेब? तिच्या वकिलाले यातलं ओ का ठो कळत नाही. कोणी इचारणार नाही. तुमी काऊन खाजवून खरूज काढता?"

खरंच कोणी विचारणार नव्हतं. सुधाकररावांना त्याचीच जास्त भीती वाटली. गप्प बसलं तर नोकरी शाबूत, नाव शाबूत. आत पहिल्याच बाकावर त्यांची आई विठाबाई बसली होती. लोकांच्या कापसात निंदण करून तिनं या पोराला शिकवलं होतं, आणि आज तो न्यायाधीशापुढं बोलणार म्हणून मुद्दाम आली होती.

पुकारा झाला. शपथ झाली.

"हा रिपोर्ट तुमचाच?" उत्तमरावांनी विचारलं.

"माझाच."

"ताकात मोनोक्रोटोफॉस होतं?"

उत्तमराव डोळ्यांनी दटावत होते.

"नाही. माझा रिपोर्ट चुकलाय. ताकात फॉस्फॅमिडॉन होतं. ते या बाईच्या बाटलीत नव्हतं."

कोर्टात एकच कुजबुज उठली. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "हे आज कळलं तुम्हाला?"

"रेघ तेव्हाही होती, साहेब. मी घाईत पुढं पाहिलंच नाही." त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आता ही बाई सुटेल, निदान दोन हात तरी जोडेल, असं त्यांना वाटून गेलं.

द्वारकाबाईनं आरोपीच्या कठड्यातून त्यांच्याकडे पाहिलं. हात काही जोडले नाहीत.

"साहेब, माही लेक अंगावर पेत होती तवा मले नेलं. आता ते मले वळखत नाही. तवा काऊन नाही पाह्यलं?"

सुधाकररावांनी आईकडे पाहिलं. विठाबाई उठली, त्यांच्या समोरून पुढं गेली आणि त्या कठड्याजवळ, द्वारकाबाईच्या बाजूला, जाऊन उभी राहिली.