चारही पाय डावे

"प्राणी आढळून आला नाही. शोध बंद," वनरक्षकाने फाटक उघडता उघडताच जाहीर केलं. मग पायरीवर तिला एकटीलाच बसलेलं पाहून त्याने विचारलं, "मेजरसाहेब झोपलेत का?"

"बाबा वारले. गेल्या महिन्यात."

वनरक्षक थोडा वेळ फाटकाच्या कडीकडे बघत राहिला. मग तो बाहेर गेला, फाटक लावून घेतलं, पुन्हा उघडलं आणि नव्याने आत आला.

"सहज आलो होतो," तो म्हणाला. "मी काही बोललो नाही."

"मीही काही ऐकलं नाही. बसा, चहा टाकते."

मेजर तिचे सासरे. त्यांचं उभं आयुष्य छपराबाहेर गेलं होतं. आधी सीमेवर, सरकारने पाठवलं म्हणून. निवृत्तीनंतर रानात आणि नदीकाठी, कुणी थांबवलं नाही म्हणून. सुट्टीवर घरी आले तरी पहिले काही दिवस अंगणात झोपत. घराची सवय एकदम लावून घेऊ नये, म्हणत. चिखलातला ठसा बघून जनावर कधी गेलं, उपाशी होतं की जेवलेलं, जाताना त्याच्या मनात काय होतं, हे ते सांगू शकत. एकदा धुक्यात वाट चुकलेली अख्खी तुकडी त्यांनी एका कोल्ह्याच्या मागावर चालवत छावणीत आणली होती. त्याबद्दल मिळालेलं पदक कोल्ह्याला द्यायला हवं होतं, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी पदक देणाऱ्यालाच सांगितलं होतं.

त्यांच्या एकुलत्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, गवताची ॲलर्जी होती. तो विमा कंपनीत होता. या दोहोंपैकी मेजरांना जास्त वाईट कशाचं वाटे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग मेजरांचे गुडघे गेले. मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचा पलंग लावला. खिडकीखाली मातीचा एक मोकळा पट्टा होता, त्यापलीकडे कुंपण, आणि कुंपणापलीकडे दुसऱ्यांची कुंपणं. मेजरांनी आठवडाभर ते सगळं पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम आहे, फक्त त्यांना जगायचं नाहीये. फी मात्र पूर्ण घेतली.

ती दातांच्या कवळ्या बनवत असे. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या टेबलावर तयार झालं होतं. एका दुपारी तिने कवळीच्या मेणातून एक पंजा कोरला, प्लास्टरमध्ये त्याचा साचा घेतला आणि हिरड्यांसाठी असतं त्या गुलाबी ॲक्रिलिकमध्ये तो ओतला. दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीखालच्या मातीत एक रांग उमटली.

मेजरांनी महत्प्रयासाने मान वळवली.

"कुत्रं," म्हणाले, आणि मान परत नेली.

तिने पुस्तक उघडून पाहिलं. रानमांजर चालताना नखं आत ओढून घेतं. कामावर जाऊन तिने पंजाची सगळी नखं घासून टाकली, वर कवळीला करतात तसं पॉलिशही केलं. बाकीचे तीन पंजे करायला सवड नव्हती. एका निवृत्त न्यायाधीशांना लग्नात हसायचं होतं, त्यांची घाई होती. तिने एकाच पंजावर भागवलं.

त्या सकाळी मेजर कोपरावर उठून बसले.

"मांजर कुळातलं. मोठं. मादी." मग त्यांनी रांग पुन्हा पहिल्या ठशापासून वाचली. "चारही पाय डावे आहेत."

तिने बिस्किटांची बशी पलंगावर ठेवली.

"असं असतं का, बाबा?"

"क्वचित," मेजर म्हणाले. "अजून एक बिस्किट आण."

त्यानंतर घरात जनावराचा वावर सुरू झाला. मेजर पहाटेपासून खिडकीशी बसत, नाश्ता होईपर्यंत माती वाचत. काल ती घाईत होती, म्हणत. आज खिडकीखाली थांबली, चाहूल घेतली. आज दमलेली दिसते, पाय ओढतेय. वनखात्याला त्यांनी फोन लावून रीतसर कळवलं. वनरक्षक टेप घेऊन आला, ठसे मोजले, चारही पाय डावे असं आपल्या वरिष्ठांना कळवलं आणि ऑफिसात वर्षभर पुरेल इतकं हसं करून घेतलं.

आणि ती. धुक्यात गुडघ्यांवर टेकून मागे मागे सरकत ठसे दाबताना कधी कधी तिला वाटे, आपण खरंच डोंगरापलीकडून आलो आहोत. या घरातून गरम पाण्याचा, औषधाचा, म्हाताऱ्या माणसाचा वास येतोय, म्हणून घटकाभर थांबलो आहोत. काम उरकून ती आत येई, हात धुई, पोळीच्या डब्याऐवजी चुकून पंजाच पिशवीत भरी, आणि टेबलाशी बसून परक्यांच्या हिरड्या घडवताना तिचे कान मागे वळल्यासारखे होत.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो शिंकला. म्हणाला, "बाबांना कळलं तर?"

तेच तिच्या मनाला खात होतं. मेजरांच्या एका जिवलग मित्राने बाजारातला मासा मी गळाने पकडला म्हणून सांगितलं होतं. तो मरेपर्यंत मेजर त्याच्याशी बोलले नाहीत. अंत्ययात्रेला गेले, खांदाही दिला. पण माशाबाबत त्यांचं मत बदललेलं नव्हतं. आणि या माणसाला ती रोज सकाळी गुलाबी पंजाने फसवत होती. विचारायची हिंमत होत नव्हती. मग विचारायला कुणी उरलं नाही.

वनरक्षकाने चहा संपवला. कप खाली ठेवताना तो म्हणाला, "वहिनी, एक बोलू? शेवटी शेवटी साहेबांचं जरा..." त्याने बोट डोक्याजवळ नेलं, पण फिरवलं नाही. नुसतं खाजवल्यासारखं केलं.

"का? काय म्हणायचे?"

"मी पिंजरा लावतो म्हटलं, तर माझ्यावर उखडले. म्हणाले, खबरदार, तिला सकाळी कामावर जायचं असतं."

ती कप उचलायला वाकली होती. तशीच राहिली.

"मी म्हटलं, कुणाला? तर म्हणाले, मी रोज संध्याकाळी तांब्याने खिडकीतून माती भिजवून ठेवतो. कोरडी असली की तिला जोर लावावा लागतो, मनगट दुखतं." वनरक्षक हसला. "जनावराला कुठलं मनगट, वहिनी? मी आपलं हो हो केलं. मोठा माणूस. एवढी रानं पायाखाली घातलेली. शेवटी वयापुढे कुणाचं चालतं?"

तिने स्वतःच्या उजव्या मनगटावर डावा हात ठेवला. बाहेर ऊन मातीच्या पट्ट्यावर आलं होतं. माती भेगाळली होती.

"आणखी चहा?" तिने विचारलं.

"नको. साहेबांनाच भेटायला आलो होतो खरं तर. वरून आदेश आलाय, फाईल बंद करा म्हणून. आता घरच्यांपैकी कुणीतरी 'हरकत नाही' म्हणायचं, की संपलं." त्याने खिशातून पेन काढलं, झटकलं. "म्हणजे तुमची हरकत नसेल तर."

"आहे."

"आहे?"

"लिहून घ्या."

वनरक्षकाने तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीखालच्या मातीकडे बघत होती, पाठ ताठ, हात मागे. मेजर फोनवर तक्रार नोंदवताना बसल्या जागी असेच ताठ होत. ती सांगत गेली, तो लिहीत गेला.

"सदर प्राणी आढळून आला नाही, हे म्हणणं अर्जदारास मान्य नाही. तो संबंधित निवृत्त अधिकाऱ्यांना रोज सकाळी आढळत होता आणि त्यांनी तो पहिल्या दिवसापासून बरोबर ओळखला होता, अशी नोंद व्हावी. तसेच, सदर प्राणी स्वभावाने गरीब असून त्याच्यापासून कुणालाही उपद्रव नाही, हे ध्यानात घेऊन त्यास पूर्वीच्याच खिडकीखाली, पूर्वीच्याच वेळी, पूर्वीच्याच अधिकाऱ्यांसमोर फक्त एकदा हजर होण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."