गयासभाईंचा कमरेचा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. लग्नाच्या मांडवातला नव्हे आणि सभेतलाही नव्हे. मी कमरेला बांधायचा. डब्याएवढा स्पीकर पट्ट्याला अडकवायचा, बारीक दांडी तोंडासमोर आणायची, की मी तयार. माझे बक्कल तुटले आहे, तिथे आता नाडी बांधली आहे. पण आवाज अजून खणखणीत आहे. त्या आवाजाचा मला भारी तोरा होता. तो कसा उतरला, तेच आज सांगतो.

माझा कारखाना कुठे होता ते मला ठाऊक नाही. मला आठवते ते शहागंजातल्या दुकानाचे काचेचे कपाट. तिथून गयासभाईंनी मला घेतले. गयासभाई दौलताबादच्या किल्ल्यावर गाइड होते. अंधाऱ्या वाटेत पर्यटक घाबरले, की गयासभाई मला लावून बोलत आणि माणसे आवाजाच्या मागोमाग पायऱ्या चढत. "काय आवाज आहे हो तुमचा," असे कुणी म्हटले, की मी मनातल्या मनात फुगत असे. त्यातला निम्मा आवाज माझा होता ना!

पुढे गयासभाईंचे काहीतरी बिनसले. सकाळी ते ठणठणीत असत. दुपारपर्यंत मात्र त्यांची जीभ जड होई, शब्द नाकातून येत आणि डावी पापणी खाली येई. ते माझा आवाज वाढवत. मीही जोरात बोलून त्यांची बाजू सांभाळून घेई, त्यामुळे बरेच दिवस कुणाच्या काही लक्षात आले नाही. शेवटी एका पर्यटकाने तक्रार केलीच, की गाइड पिऊन आला आहे. त्या दिवशी डबा घेऊन आलेल्या शमशादभाभी, म्हणजे गयासभाईंची बायको, तिथेच उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "पान भी नै खाते वो. पीना तो दूर की बात."

मग दवाखान्यांच्या वाऱ्या सुरू झाल्या. कुणी चष्म्याचा नंबर बदलला. घास चावता येत नाही म्हटल्यावर एकाने चांगली दाढ काढली. अखेर मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, मायस्थेनिया ग्रेव्हिस. यात रोगाशी लढणारी शरीराची ताकद स्वतःवरच उलटते आणि नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही. वापराल तितका स्नायू थकतो, विसावा दिला की थोडा सावरतो. आजार दुर्मिळ आहे, त्यामुळे गयासभाईंना वाटले, या जिल्ह्यात आपण एकटेच. पण तपासणीला गेले तेव्हा शेजारच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. सिल्लोडकडच्या भागूबाई. त्यांनी गयासभाईंच्या डोळ्यांकडे पाहून विचारले, "भाऊ, तुमचीबी पापणी दुपारच्यालाच पडती का?"

औषधाने गयासभाईंना बराच आराम पडला, पण किल्ला सुटला. मी जुन्या चार्जरांच्या खोक्यात जाऊन पडलो. वाईट वाटले. ज्याने इतकी वर्षे हाका मारल्या, त्याला कुणी हाक मारीना.

तिथून मला बाहेर काढले ते 'विसावा' मंडळासाठी. गयासभाई आणि भागूबाईंपासून ते सुरू झाले आणि हळूहळू याच आजाराची माणसे जमली. यांची बैठक रविवारी सकाळीच असते, कारण दुपारपर्यंत अर्ध्यांचे आवाज बसतात. जागा तळमजल्याची आणि खुर्च्या हात असलेल्या, कारण हाताचा आधार नसला तर यांना उठवत नाही. कोणती औषधे यांना चालत नाहीत, ते लिहिलेले कार्ड प्रत्येकाच्या खिशात असते. नव्या माणसाबरोबर दवाखान्यात कोण जाणार, हेही तिथेच ठरते. मी एकेकाच्या हातात फिरायचो. मला पुन्हा तोरा आला.

मुकुंदवाडीच्या प्रेरणा मॅडम याच मंडळातल्या. फुलंब्रीजवळच्या एका खासगी शाळेत त्या तिसरीला शिकवत. वर्ग वरच्या मजल्यावर, शाळा संध्याकाळपर्यंत. मॅडम डोळे मिटून बसतात, तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी पालकांची तक्रार गेली. संस्थेने सांगून टाकले, सगळ्यांसारखे पूर्ण काम करा, नाहीतर नोकरी सोडा. मॅडमना सोडायची नव्हती. त्यांना शिकवायलाच आवडत होते.

संस्थेच्या बैठकीला गयासभाई त्यांच्यासोबत गेले आणि मला घेऊन गेले. "मॅडम, तुम्ही फक्त बोला. आवाजाचं हा बघून घेईल," असे म्हणून त्यांनी मला मॅडमच्या कमरेला बांधले. दिवसभराचे तास घेऊन मॅडम दमल्या होत्या. मी जीव तोडून बोललो. खोली दणाणली.

अध्यक्ष आप्पासाहेबांनी ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "मॅडम, आवाज तर तुमचा माझ्याहून लई मोठा हाय. मग आजार कुठंय?"

मी चांगला तोंडावर आपटलो. गयासभाईही खाली बघू लागले. इतके दिवस मी त्यांचा आजार झाकला होता, आणि आता मॅडमचाही झाकत होतो.

मॅडमनी माझे बटण बंद केले आणि मला काढून टेबलावर ठेवले. मग काही न समजावता त्या रोजची हजेरी घेऊ लागल्या. अख्ख्या वर्गाची नावे त्यांना पाठ होती. पहिली नावे स्पष्ट आली. मग ती नाकातून येऊ लागली. मग पापण्या उतरल्या, मान पुढे झुकली. हजेरीत शेवटचे नाव सत्यमचे, आप्पासाहेबांच्या नातवाचे. ते आप्पासाहेबांना माहीत होते. ते खुर्ची सोडून जवळ आले, वाकले. मॅडमचे ओठ हलले, पण आवाज आलाच नाही.

"सत्यमचं नाव घेतलं का यांनी?" त्यांनी हळूच विचारले.

"घेतलं," गयासभाई म्हणाले. "थोडं बसू द्या त्यांना. परत घेतील."

चहा आला आणि निवला. मला वाटत होते, कुणीतरी मला चालू करावे, मी ते नाव मोठ्याने म्हणतो. पण नव्हताच आवाज, तर मी मोठा तरी काय करणार? मग मॅडमनी हाताने हनुवटी सावरली आणि एकच शब्द म्हटला, "सत्यम."

"हजर हाय," आप्पासाहेब म्हणाले. मग बाकीच्या सभासदांकडे वळून ते म्हणाले, "सोमवारपासून तिसरीचा वर्ग खाली आणा. मॅडमला सकाळचेच तास द्या. आन मधी एक तास मोकळा ठेवा, बसायला."

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. बॅटरी टिकत नाही. तरी बैठकीला जातो, नव्या माणसाच्या हातात बसतो. माझे एवढेच मागणे आहे. कुणाचा आवाज बसला, तर "मोठ्याने बोला" म्हणून त्याच्यावर खेकसू नका. खुर्ची जवळ ओढा आणि त्याचा शब्द येईपर्यंत थांबा.