घरची बोहणी

दामिनीने काडीने चपलेचा चिखल खरवडला, पण काळी माती ती, एकदा धरली की सोडते कुठे? पाऊस उघडून पंधरवडा झाला तरी कोपऱ्यातल्या प्लॉटात पाणी साचलेलेच होते. मोर्शी रोडवरच्या या लेआउटचे मालक ललितसर मात्र कोरड्या मुरमावर उभे राहून हसत होते. दामिनी जागाविक्रीच्या एजंटची परीक्षा पास झाली होती आणि ते तिला आपल्या ऑफिसात घ्यायला तयार होते. टेबल, गाडी, वर पगारसुद्धा. अट एकच, पहिली बोहणी घरातली.

"घरच्यांनी घेतला की बाहेरचं गिऱ्हाईक डोळे झाकून घेते, मॅडम," ते म्हणाले.

शेतजमिनीवर घरे बांधायची परवानगी आली का, असे तिने विचारले. फाइल वर गेली आहे, होऊन जाईल, असे मोघम उत्तर मिळाले.

घरात प्लॉट घेण्याजोगा माणूस एकच, तिचे बाबा. महादेवराव नुकतेच एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. आयुष्यभराची पुंजी बँकेत होती, ती काय या डबक्यात घालायची? आणि नाही म्हणावे, तर या धंद्यात ओळख ना पाळख, दुसरे कोण दारात उभे करणार? त्या रात्री तिला धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी घरी काही न सांगता ती अकोल्याला शकुनताईंकडे काम मागायला गेली. बाई वीस वर्षे जागांचे व्यवहार करत होत्या, पण ऑफिस म्हणजे एक गाळा. पगार नाही, सौदा झाला तरच कमिशन. पहिला प्लॉट घरच्यांनाच विकायचा का, हे दामिनीने चाचरतच विचारले.

"माह्याकडे पहिलं वर्ष सोयऱ्यायले विकाचं नाही," शकुनताई म्हणाल्या. "ते जागा पाहत नाहीत. आपलं तोंड पाहून घेतेत."

दामिनीचा जीव भांड्यात पडला. तिने त्यांच्याकडे काम करायला तिथेच होकार दिला.

परतीच्या एसटीतून तिने ललितसरांना फोन करून नकार कळवला. ते चिडतील, समजावतील, म्हणून तिने उत्तरे जुळवून ठेवली होती. ते शांतपणे म्हणाले, काही हरकत नाही, बाबांना नमस्कार सांगा. बाबांची आणि यांची ओळख कधी झाली? घरचा फोन लागेना. मूर्तिजापूर गेले, बडनेरा आले, तरी लागेना.

महादेवराव ओट्यावर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शेजारी पेढ्यांचा पुडा.

"ललितसर सोता घरी आले होते," ते म्हणाले. "म्हणे, पोरगी तुमाले सांगाले लाजून राहिली. मंग काय, कोपऱ्यातला घेतला म्या. इसाराचे पैसे देऊन आलो."

जागा पाहिली का, तिने विचारले.

"तू हायस ना तिथं. मंग म्या काय पाहू?"

बाबांनी तिच्या हातावर पेढा ठेवला. ऑफिसात तिच्या नावाची पाटी लागायच्या आधीच दोन प्लॉट गेले, याचे त्यांना कोण कौतुक. दुसरा अंजनगावच्या मामाचा. तो आत्ता ऑफिसातच असेल, ते म्हणाले.

तिने मामाला फोन लावला. पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

"बोला मॅडम," ललितसर म्हणाले. "मामासाहेब सही करून राहिले."